शाब्दिक उदाहरणे ऑप्शनला टाकू नका : आमच्या शाळेला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, गणिताचे सर्व शिक्षक आणि शालेय समितीचे सदस्य यांस,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात शिक्षक-पालक सभेत दहावीच्या वर्गासाठी घेतलेला एक निर्णय वाचून दाखवला गेला. यंदा बीजगणितातली शाब्दिक उदाहरणे वर्गात घेतली जाणार नाहीत. दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे या पहिल्या दोन प्रकरणांत फक्त तयार समीकरणे सोडवून घ्यायची. आलेख, क्रेमरची पद्धत, अवयव, सूत्र यांचा भरपूर सराव करायचा. जिथे वाचून समीकरण मांडावे लागते ती उदाहरणे सगळ्यांनी ऑप्शनला टाकायची आणि वाचलेला वेळ सराव परीक्षांना द्यायचा. सभेत कोणीच काही बोलले नाही. मीही बोलले नाही. घरी आल्यावर त्याचीच टोचणी लागून राहिली, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण त्या दिवशी माझ्यासारखेच गप्प बसलेले पालकही ते वाचतील. शाळेचे नाव मी लिहीत नाही. शाळेला नावे ठेवण्यासाठी हे पत्र नाही. मी स्वतः याच शाळेत दहावी झाले.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. मुलगी दहावीला आहे, हा एक झाला. दुसरा आमच्या धंद्यातून येतो. आमची छोटी डेअरी आहे. दोन्ही वेळा दूध येते, गाईचे वेगळे आणि म्हशीचे वेगळे. तालुक्याच्या गावातल्या हॉटेलांना मिश्र दूध जाते, साडेचार फॅटचे. समजा, एखाद्या सकाळी गाईच्या दुधाला ३.५ फॅट लागली, म्हशीच्या दुधाला ६.५ लागली आणि ६० लिटर दूध पाठवायचे आहे. कोणते किती घ्यायचे? गाईचे क्ष लिटर, म्हशीचे य लिटर. एकूण दूध ६० म्हणून क्ष + य = ६०. फॅटचा हिशेब ३.५क्ष + ६.५य = ४.५ × ६०, म्हणजे २७०. पहिले समीकरण ३.५ ने गुणून दुसऱ्यातून वजा केले की ३य = ६०, म्हणून य = २० आणि क्ष = ४०. चाळीस लिटर गाईचे, वीस लिटर म्हशीचे. मी लग्न होऊन आले तेव्हा हे काम अंदाजाने चालायचे. कधी जास्त फॅट फुकट जायची, कधी हॉटेलवाल्याचा फोन यायचा. आता रोज सकाळी मी वहीत दोन ओळी मांडते. फॅट रोज बदलते, त्यामुळे उत्तरही रोज बदलते. मांडणी मात्र तीच राहते.

ही दोन समीकरणे मला कोणी तयार करून दिली नव्हती. दुधाच्या कॅनवर ती लिहिलेली नसतात. ती मांडायला मला याच शाळेत, याच इमारतीत एका बाईंनी शिकवले.

बाईंची पद्धत मला अजून पाठ आहे आणि ती इथे लिहिणे गरजेचे वाटते, कारण सभेत सांगितले गेले की शाब्दिक उदाहरणांना 'पद्धत अशी नसते, ज्याला जमते त्याला जमते'. बाई आधी उदाहरण वाचायला लावायच्या आणि मग पुस्तक मिटायला लावायच्या. आकडे न घेता गोष्ट सांगा म्हणायच्या. कोण आहेत, काय घडले, काय विचारले आहे. ज्याला गोष्ट सांगता येत नसे त्याला खडू मिळत नसे. मग फळ्यावर पहिली ओळ 'क्ष म्हणजे' अशी यायची, आणि इथे बाई फार कडक होत्या. 'क्ष म्हणजे मुलगी' असे लिहिलेले त्यांना चालत नसे. 'क्ष म्हणजे मुलीचे आजचे वय, वर्षांत' असेच लिहावे लागे. आज की चार वर्षांनी, रुपये की पैसे, गाई की गाईंचे दूध, हे त्या एका ओळीत पक्के व्हायचे. मग अटी मोजायच्या. जितके अज्ञात तितक्या अटी हव्यात. एखादी कमी पडली तर ती गोष्टीत लपलेली आहे, पुन्हा वाचा. प्रत्येक अटीचे एक वाक्य आणि प्रत्येक वाक्याचे एक समीकरण. सोडवण्याचा भाग त्या बऱ्याचदा घरी करायला देत. तास मांडणीवर खर्च होई.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार या निर्णयाच्या मुळाशीच आहे. समीकरण सोडवणे ही ठरलेल्या पायऱ्यांची क्रिया आहे. ती यायलाच हवी, तिचा सरावही हवा. पण आज मोबाइलवर समीकरणाचा फोटो काढला तरी ते सुटून येते. बाजारात, शेतात, बँकेत माणसासमोर समीकरण येत नाही, परिस्थिती येते. त्या परिस्थितीत काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि दोन गोष्टी कशा बांधलेल्या आहेत, हे ओळखणे हाच बीजगणिताचा गाभा आहे. तो काढून टाकून उरलेल्या पायऱ्या कितीही वेळा घोटल्या, तरी मुलाच्या हाती फळ्यावरचे चिन्हांचे खेळ उरतात. मुले मग विचारतात की हे शिकून काय उपयोग, आणि आपल्यापाशी उत्तर नसते, कारण उपयोगाचा भाग आपणच ऑप्शनला टाकलेला असतो.

दुसरी तक्रार आठवी-नववीच्या वर्गांतल्या तक्त्याबद्दल आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : एकूण, जास्त, मिळून आले की बेरीज, उरले, कमी, फरक आले की वजाबाकी, पट आले की गुणाकार. कोणीतरी मुलांच्या भल्यासाठीच तो लावला असेल. पण हे उदाहरण पाहा. 'सलमाकडे मीनापेक्षा १२ रुपये जास्त आहेत. सलमाकडे ४० रुपये आहेत, तर मीनाकडे किती?' तक्ता म्हणतो, 'जास्त' आले, बेरीज करा. उत्तर येते ५२. खरे उत्तर २८. तक्ता मुलाला वाचण्यापासून सुटका देतो. एक शब्द शोध आणि बाकीचे वाक्य सोडून दे, असे शिकवतो. पुढे दहावीत तेच मूल वाक्यात शब्द हुडकत बसते आणि आपण म्हणतो की याला शाब्दिक उदाहरणे झेपत नाहीत.

सभेत आणखी एक वाक्य ऐकले : 'मुलांचे गणित कच्चे नाही, मराठी कच्चे आहे.' हे मला पटले. पण त्यावरचा उपाय वाचन सोडून देणे हा कसा असेल? मराठीत सगळा हिशेब प्रत्ययांवर आणि लहान शब्दांवर चालतो. 'ने', 'पेक्षा', 'मधून', 'च्या', 'पैकी'. '७ मधून क्ष वजा करा' आणि 'क्ष मधून ७ वजा करा' यांत 'मधून' कुणाला चिकटला एवढाच फरक. '५ ने जास्त' आणि '५ पट' यांत मुले गोंधळतात, तेही अशाच घाईने.

मागच्या रविवारी मुलीच्या चार मैत्रिणी घरी आल्या होत्या. ओट्यावर बसवून त्यांना एक वाक्य दिले : 'एका संख्येची तिप्पट दुसऱ्या संख्येपेक्षा ७ ने कमी आहे.' तिघींनी लिहिले ३क्ष − ७ = य. शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने चिन्हे मांडली. '७ ने कमी' शेवटी दिसले, म्हणून तिथे वजा सात. मी समीकरणाबद्दल काहीच बोलले नाही. एवढेच विचारले, 'यात मोठं कोण आहे?' तिघींनी लगेच सांगितले, दुसरी संख्या. 'मग दोन्ही सारखे करायचे असतील तर सात कुणातून काढाल? जे आधीच लहान आहे त्यातून?' दोघींनी तिथेच खोडले आणि ३क्ष = य − ७ लिहिले. तिसरीने ३क्ष + ७ = य लिहिले आणि विचारले, 'काकू, हे चालेल का?' चालेल, दोन्ही एकच आहेत. पाच मिनिटे लागली. या मुली ढ नाहीत. त्यांना 'मोठं कोण' हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणांतही असेच होते. दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य. मुले मात्र क्ष आणि य शेजारी शेजारी लिहून मोकळी होतात, म्हणजे नकळत गुणाकार करतात. त्रेपन्न म्हणजे पाच दहा आणि तीन, हे त्यांना पाचवीपासून माहीत आहे. फक्त ते इथे वापरायचे आहे, हे कोणी दाखवत नाही.

तिसरी तक्रार गुणांची आहे, आणि ती माझ्या घरातली आहे. घटक चाचणीत एक उदाहरण होते : आई मुलीपेक्षा २४ वर्षांनी मोठी आहे, ४ वर्षांनी आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल, तर दोघींची आजची वये काढा. माझ्या मुलीने आईचे आजचे वय क्ष मानले. मुलीचे वय क्ष − २४. चार वर्षांनी आई क्ष + ४, मुलगी क्ष − २०. म्हणून क्ष + ४ = ३(क्ष − २०). त्यावरून २क्ष = ६४, आई ३२ वर्षांची, मुलगी ८ वर्षांची. उत्तर बरोबर. तरीही चारपैकी दोन गुण गेले, कारण नमुना उत्तरात मुलीचे वय क्ष मानले होते आणि समीकरण क्ष + २८ = ३(क्ष + ४) असे होते. पेपर घेऊन ती विचारायला गेली तेव्हा 'गाईडप्रमाणे लिहायचं' असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून ती स्वतःहून काही मांडत नाही. आधी गाईड उघडते. मला ते दोन गुण नकोत. ती पुन्हा स्वतः मांडू लागावी, एवढेच हवे आहे.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे आणि ती ताळ्याबद्दल आहे. पुष्कळ मुले 'चार वर्षांनी' फक्त आईला लावतात. ती लिहितात क्ष + २४ + ४ = ३क्ष. उत्तर येते १४. मग ताळा करतात तो याच समीकरणात : १४ + २८ = ४२ आणि ३ × १४ = ४२. जुळले! मुलाला वाटते उत्तर बरोबर. पण गोष्टीत जाऊन पाहा. मुलगी १४, आई ३८. चार वर्षांनी मुलगी १८, आई ४२. अठराची तिप्पट ५४. जुळत नाही. चुकीच्या समीकरणातला ताळा चुकीच्याच समीकरणाची खात्री देतो. ताळा मूळ वाक्यात करायचा असतो, आणि वाक्यच नसलेल्या तयार समीकरणांवर वर्षभर सराव केलेल्या मुलाला हे कधीच कळणार नाही. वर्गसमीकरणातही हेच. दोन मुळे येतात, त्यांतले कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे सूत्र सांगत नाही. ते शेताची रुंदी आहे, माणसांची संख्या आहे की तापमान आहे, यावर ठरते.

आता एक गोष्ट जी लिहिताना मला खरेच वाईट वाटते. दरवर्षी २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनाला, शाळेत भास्कराचार्यांच्या प्रतिमेचे पूजन होते. दोन वर्षांपूर्वी मुलांची सहल चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेली होती. त्या पाटणला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. मुलांनी तिथे फोटो काढले, वहीत माहिती लिहिली. पण त्या मठात काय शिकवले जाई? भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या 'लीलावती' या ग्रंथातली उदाहरणे गोष्टींतच आहेत. भुंग्यांचे उदाहरण घ्या : एका थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीच्या वेलीवर गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले, उरली एक भुंगी आणि कमळात अडकलेला तिचा भुंगा, तर एकूण भुंगे किती?

थव्याला क्ष मानले तर वर्गमूळ आडवे येते आणि मूल तिथेच अडकते. पण निम्म्याचे वर्गमूळ घ्यायचे आहे ना, मग थवा २क्ष² माना. निम्मा क्ष², त्याचे वर्गमूळ सरळ क्ष. आठ नवमांश म्हणजे १६क्ष²/९. म्हणून क्ष + १६क्ष²/९ + २ = २क्ष². नऊने गुणून नीट मांडले की २क्ष² − ९क्ष − १८ = ०. अवयव (२क्ष + ३)(क्ष − ६). क्ष = ६ किंवा −३/२. वेलीवर उणे दीड भुंगे जात नाहीत, म्हणून क्ष = ६ आणि थवा ७२ भुंग्यांचा. ताळा गोष्टीत : ३६ चे वर्गमूळ ६, बहात्तरचे आठ नवमांश ६४, आणि ते दोघे, ७२. यातले अवयव पाडणे दहावीच्या कोणत्याही मुलाला येईल. सगळे शहाणपण 'थवा २क्ष² माना' या तीन शब्दांत आहे. आपण यंदा वगळतो आहोत ते नेमके हेच. भुंग्यांचे हे उदाहरण दहावीच्या मुलांपुढे एक तास ठेवा. ज्यांच्या प्रतिमेला आपण हार घालतो त्यांची मुलांशी खरी ओळख होईल.

सर, तुमची अडचण मला दिसत नाही असे नाही. गणिताच्या दोन जागांपैकी एक रिकामी आहे, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे तुमच्याच माथी येतात, आणि निकाल खाली आला की जाब तुम्हालाच विचारला जातो. ४० गुणांच्या पत्रिकेत पर्याय असतात, त्यामुळे शाब्दिक उदाहरणे सोडूनही मूल पास होते, हेही खरे. पण अकरावी-बारावीत, आयटीआयत, डिप्लोमाला, पोलीस भरतीच्या परीक्षेत काम-काळ-वेग, मिश्रण, वय, नफा-तोटा हीच उदाहरणे त्यांच्यासमोर येतात. तेव्हा ती मुले आपल्या शाळेत नसतील आणि आपल्या निकालाच्या टक्केवारीत ते नापास होणे दिसणारही नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे.

१. हा निर्णय मागे घ्यावा. पहिल्या दोन प्रकरणांतली सर्व शाब्दिक उदाहरणे दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात घ्यावीत. एका तासाला दोनच झाली तरी चालतील, पण ती मुलांनी मांडावीत, फळ्यावरून उतरवून घेऊ नयेत.

२. शाळेच्या चाचण्यांत अशा उदाहरणाच्या चार गुणांपैकी एक गुण चल नेमकेपणाने ठरवण्याला, एक समीकरण मांडण्याला, एक सोडवण्याला आणि एक मूळ वाक्यात केलेल्या ताळ्याला द्यावा. मुलाने वेगळा चल निवडून बरोबर मांडणी केली असेल तर गुण कापू नयेत. हे सर्व वर्गांत लेखी कळवावे.

३. भिंतीवरचा तक्ता काढावा. त्याजागी काही लावायचेच असेल तर दोन प्रश्न लावा : 'क्ष म्हणजे नेमके काय?' आणि 'मोठं कोण?'

४. आठवी ते दहावीला आठवड्यातून एक तास मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. त्यात फक्त उदाहरणे वाचायची, गोष्ट सांगायची, समीकरण मांडायचे. सोडवायचे नाही.

५. मुलांना स्वतः उदाहरणे तयार करू द्यावीत. आपल्या गावात दूध आहे, कापूस वेचणीची मजुरी आहे, बचत गटांचे हप्ते आहेत, ट्रॅक्टरचे तासाचे भाडे आहे. गाडीवानांच्या आणि नावाड्यांच्या उदाहरणांना माझा विरोध नाही, पण आपल्या ओळखीची परिस्थिती असली की मुलांना उत्तर वेडेवाकडे आल्याचे लगेच जाणवते. वीस लिटरच्या कॅनमध्ये पंचवीस लिटर दूध आले तर माझी मुलगी स्वतःच थांबते.

शेवटच्या मागणीसाठी मी मदतही देऊ करते. आमच्या डेअरीची गेल्या तीन महिन्यांची फॅट आणि लिटरची वही मी शाळेला द्यायला तयार आहे. तारखेप्रमाणे गाईची फॅट, म्हशीची फॅट, पाठवलेले लिटर, सगळे त्यात आहे. फक्त कोणते दूध किती मिसळले हा रकाना मी झाकून देईन. शिकवण्याच्या जागी येऊन बसण्याचा माझा अधिकार नाही, पण तुम्ही बोलावलेत तर एक तास येऊन ती वही मुलांना समजावून सांगेन. गवंडीकाम करणाऱ्या दोन पालकांशीही मी बोलले आहे. वाळू-सिमेंटच्या प्रमाणाचा हिशेब सांगायला ते येतील.

या पत्राला लेखी उत्तर मिळावे आणि पुढच्या शिक्षक-पालक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी विनंती. त्या सभेत मी गप्प बसणार नाही.

आपली,
दहावीतल्या एका विद्यार्थिनीची आई आणि याच शाळेची माजी विद्यार्थिनी